मागच्याची हाळी

१

हाळी म्हणजे शब्द नव्हे. पोटातून काढलेला लांब ‘होऽऽ’ असतो तो. पुढच्या माणसाची हाळी उंच असते, मागच्याची खालची, छातीतली. माझ्या थोरल्या भावाची, आकारामदादाची, हाळी इतकी खालची होती, की कानाआधी ती पायाला कळायची. दादा आमच्यात असताना मी ती शेवटची ऐकली, तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. आता हातात काठी आहे.

आम्ही धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला उतरायचं. वाटेनं मी पुढं असायचो आणि दादा सगळ्यात मागं. खिंडीत पुढच्याला मागचा दिसत नाही, म्हणून पुढच्यानं हाळी द्यायची आणि उभं राहायचं. मागच्यानं उत्तर दिलं की मगच पाऊल टाकायचं. मागं वळून मात्र बघायचं नाही. पुढचा वळला की मेंढरंही वळतात आणि अरुंद जागेत चेंगरतात. एवढंच कारण. त्यात देवाधर्माचं काही नाही.

त्या दिवशी उंब्रज मागं टाकून आम्ही पाटणच्या बाजूनं चाललो होतो. एका खिंडीत दिवस कलला. मी हाळी दिली, दादानं उत्तर दिलं. पुढं गेलो, परत दिली, परत उत्तर आलं. असं करत खाली तळावर आलो. बायका आधीच पोचल्या होत्या. त्यांनी वाघर लावली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. तिच्या तोंडाशी दादाची बायको, अंबूवहिनी, दोर हातात धरून उभी होती. त्याच वर्षी लग्न होऊन आली होती. शेवटचा माणूस आत आल्याशिवाय वाघरीचं तोंड बांधत नाहीत, आणि बांधणारा आत उभा राहून बांधतो.

मेंढरं आत गेली. कुत्रं आत गेलं.

“मागचं आलं का?” वहिनीनं विचारलं.

“येतंय,” मी म्हणालो. कारण हाळी अजून येत होती.

अंधार पडला. लांडग्याच्या भीतीनं चुलत्यांनी वहिनीच्या हातातला दोर काढून घेतला आणि तोंड बांधून टाकलं. त्यानंतर हाळी आली नाही.

पुढं कितीतरी दिवस आम्ही ती खिंड धुंडाळली. काठी सापडली नाही, घोंगडी सापडली नाही, रक्ताचा डाग नाही. दादा कुठं थांबला आणि खाली येईपर्यंत मला उत्तर कोण देत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

२

आता मेंढरं नाहीत. म्हैसाळचं पाणी आलं आणि कवठे महांकाळच्या बाहेरचा आमचा माळ द्राक्षाचा झाला. समोरच्या टेकडीवर पवनचक्क्या फिरतात. चार शेळ्या ठेवल्यात, सवय म्हणून. त्यांच्या खोंडाला, म्हणजे त्यांना कोंडायच्या जागेला, लोखंडी जाळी आहे. दाराची कडी गंजून पडली, तेव्हापासून जुन्या वाघरीचा दोर लावून दार बांधतो. तो मीच बांधतो. त्या संध्याकाळनंतर वहिनीनं कधी दोर बांधला नाही. बाकी सगळं केलं. माझी बायको लवकर गेली, तर माझ्या रविराजला तिनंच वाढवलं.

रविराज लष्करातून परत येऊन सांगलीत नोकरीला लागला. त्याची मुलगी प्रांजल उन्हाळ्यात वस्तीवर आली, ती एक माणसाएवढं वाद्य घेऊन. चेलो म्हणतात. खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांत धरायचं, त्याची मान खांद्याला टेकवायची आणि गजानं वाजवायचं. लष्कराच्या शाळेत असल्यापासून तिला हा नाद. सांगलीच्या इमारतीत शेजारी तक्रार करायला लागले, म्हणून परीक्षेपुरती इकडं.

अंबूवहिनीला ऐकू येत नाही. कुकरची शिट्टी तिला कळत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ती समजून घेते. पहिल्या दिवशी तिनं ते वाद्य खालवर बघितलं.

“ह्यो कुणाचा नवरा आणलास गं कवळ्यात धरून?”

“सरांचा आहे, मोठ्या आज्जी. परत द्यायचाय.”

“द्यायाचाच आसंल तर लय माया लावू नगंस.”

मग तिनं लाकडावर तळवा ठेवला आणि प्रांजलला वाजवायला खुणावलं. पोरगी वाजवत होती आणि म्हातारी डोळे मिटून हातानं ऐकत होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी तसंच.

३

परीक्षेत एकच तुकडा होता. वाजवून दाखवायचा आणि तो कसा बांधला आहे ते लिहून द्यायचं. जमलं तर प्रांजलला मोठ्या संगीत शाळेत जागा मिळणार होती. तिचे सर एका रविवारी एसटीनं आले. प्रबुद्ध सर पलटणीच्या बँडात होते, आता सांगलीत शिकवतात. माणूस शांत. मला म्हणाले, “आबा, तुम्हीही बसा. ऐकणारा लागतो.”

तो तुकडा युरोपातला, तीनशे वर्षांमागचा. बरोक म्हणतात त्या काळाला. नाचाच्या चाली सुरू व्हायच्या आधी एकट्यानं वाजवायचा. त्याला प्रिल्यूड म्हणतात.

“साथीला कुणी नाही,” सर म्हणाले. “एक माणूस, एका वेळी एक सूर. पण लिहिणाऱ्यानं उड्या अशा घेतल्यात, एक वर, एक खाली, की आपला कान दोन माणसं ऐकतो. वरचा बोलतो, खालचा उत्तर देतो. आता प्रांजल, घर, म्हणजे निघालो तो सूर, कुठं सुटतं ते दाखव.”

प्रांजलनं सुरांच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. घराचा सूर कुठला, तो कुठं सुटला, किती लांब गेलो, परत कुठून फिरलो. ती थोडं वाजवायची, थांबायची, खूण दाखवायची. मला कागदातलं काही कळत नव्हतं. पण वाट कळत होती.

“हितं चढ लागला,” मी म्हणालो. “खालचा लय मागं पडलाय.”

सर हसले. “बरोबर. इथून पुढं खालचे सूर विरळ होतात. आणि इथं?”

“हितं घर आल्यागत वाटतंय. पर आलं न्हाई.”

“तो घराचा सूर नाही, शेजारचा आहे. मुद्दाम फसवलंय.”

शेवटाच्या जरा आधी मात्र सगळंच थांबत होतं. वरचा सूर उंच जाऊन तुटायचा. मग काहीच नाही. मग एकदम घर.

“हितं खालचा कुठाय?” मी विचारलं.

“लिहिलेला नाही, आबा. ती जागा मोकळी आहे. ऐकणारा मनात भरतो.”

“किती थांबायचं, सर?” प्रांजल म्हणाली.

“ते वाजवणाऱ्याच्या हातात,” सर म्हणाले, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

ते गेल्यावर तिनं ती जागा पुन्हा वाजवली. मला ती घाई वाटली. हाळी देऊन उत्तर न घेताच चालू पडल्यासारखी.

“प्रांजल,” मी म्हणालो, “हाळी दिली की थांबावं लागतं. मागचा डोंगरात आसतो. त्याला दम घ्यायला येळ दे.”

“किती वेळ, आबा?”

“त्याचं उत्तर येस्तवर.”

ती हसली आणि कागदावर त्या जागी एक छोटा गोल काढला. मी चांगल्यासाठीच बोललो होतो. धनगराशिवाय दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं.

४

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वीज गेली. विहिरीवरच्या मोटारी बंद पडल्या आणि माळ एकदम शांत झाला. वारा पडलेला होता. प्रांजल आतल्या खोलीत वाजवत होती. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती आणि मी खोंडात शेळ्यांना पाला टाकत होतो.

वरचा सूर चढला आणि तुटला. पोरगी थांबली. मी सांगितलं तशी खरंच थांबली.

उत्तर आलं.

आधी पायाला कळलं, मग कानाला. खालचं, छातीतलं, लांब. घरातून नाही. कालव्याच्या पलीकडून माळावर येणाऱ्या पाऊलवाटेवरून. शेळ्यांनी पाल्यातनं तोंडं वर काढली आणि सगळ्यांनी एकाच बाजूला बघितलं. घराकडं नव्हे. वाटेकडं.

मग आतून घराचा सूर आला आणि तुकडा संपला.

प्रांजल दारात आली. “आबा, तुम्ही गुणगुणलात का?”

“न्हाई.”

“कुणीतरी गुणगुणलं. सुरात होतं. बरोबर तोच सूर पाहिजे तिथं.”

माझी नजर ओट्याकडं गेली. वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. तिचं तोंड माझ्याकडं नव्हतं, म्हणजे कुणाचे ओठ तिनं वाचले नव्हते. ती वाटेकडं बघत होती.

“मागचं आलं का?” तिनं विचारलं.

५

मी मनाला समजावलं. पवनचक्कीचं पातं वंगण सुकलं की घुमतं. फोन करून प्रांजलनं सरांना विचारलं, तर त्यांनीही कारण सांगितलं. चेलोची एक तार वाजली की न वाजवलेली दुसरी तार आपोआप थरथरते, तिचा खालचा सूर निघतो. रिकाम्या खोलीत तो मोठा वाटतो. “थांबशील तेव्हा तारांवर हात ठेव,” सर म्हणाले. “आवाज बंद होईल.”

मला बरं वाटलं. आम्ही दोघं तसं करून बघायला बसलो. सूर तुटला, प्रांजलनं चारी तारांवर तळवा दाबला. खोलीत श्वास सोडून काही नव्हतं. टेकडीवरची पाती उभी होती, मी खिडकीतून बघत होतो.

या वेळी उत्तर पाण्याच्या टाकीपासून आलं. टाकी घरापासून हाकेवर आहे.

प्रांजलचा हात तारांवर तसाच होता. ती पांढरी पडली नाही, ओरडली नाही. हळूच म्हणाली, “आबा, मला भीती वाटायला पाहिजे ना? पण वाटत नाही. कुणीतरी खूप दमलेलं आहे, असं वाटतं.”

दादाची गोष्ट तिला मी तेव्हा सांगितली. ऐकून तिनं कागदावरचा तो छोटा गोल पेन्सिलीनं पुन्हा गिरवला.

मला पोरीची काळजी वाटत नव्हती. वहिनीची वाटत होती. त्या दिवसापासून मी दोर बांधून वळलो की ती तो सोडून ठेवायची. दिवेलागणीला पायात चपला घालून खोंडाच्या दाराशी उभी राहायची. एकदा शेळ्या बाहेर पडून शेजारच्या बाळासोच्या द्राक्षात शिरल्या. तो बांधावरून म्हणाला, “अर्जुना, तुज्या शेळ्यांनी माजी बाग छाटली रं. मजुरी किती द्यायाची त्यास्नी?” मी हसलो. रात्री जेवणं झाल्यावर वहिनीपुढं जाऊन बसलो, तिला माझं तोंड दिसेल असा.

“वहिनी, आवं, वाटंकडं जाऊ नगा.”

“मी कुठं जाती? गुडघ्यानं मला परसात जायाला व्हईना.”

“मग दोर का सोडता?”

“तवा दोर माज्या हातात हुता, अर्जुना. चुलत्यानं काडून घेतला. मी बांदला नव्हता. मी त्याला भाईर ठिवला नव्हता.”

“कुणी म्हनतंय का तसं?”

“त्याला म्हाईत नसंल,” ती म्हणाली.

या बाईनं मला भाऊ मानून साठ वर्षं जेवायला वाढलं. तिच्या हाताशिवाय या घरात चूल पेटलेली मला आठवत नाही. मी सकाळी उठून प्रांजलला सांगितलं, की आता थांबू नकोस. हाळी तुटली की सरळ घर गाठ.

तिनं तसं वाजवलं. वहिनीचा तळवा लाकडावर होता. सूर तुटला आणि लगेच घर आलं, तशी वहिनीनं डोळे उघडले.

“थांब की गं जरा,” ती म्हणाली. “दारापतूर आलाय. त्याला दम निगंना.”

६

परीक्षेसाठी तो तुकडा मोबाईलवर घेऊन पाठवायचा होता, मध्ये न तोडता. सर आले. वीज जाण्याची वेळ धरून बसलो, म्हणजे मोटारींचा आवाज नको. सरांनी मोबाईल उभा केला आणि प्रांजलला म्हणाले, “मोकळी जागा लहानच ठेव. ऐकणाऱ्याला वाटायला नको, की विसरलीस.” प्रांजलनं मान हलवली. मीही तिच्याकडं बघितलं. तिनं मलाही मान हलवून दाखवली.

वहिनीला मी ओट्यावर माझ्याशेजारी बसवलं. तिचा हात माझ्या हातात धरून ठेवला. चपला तिच्या पायात होत्याच. उजेड अजून होता, वाटेवरची माती तांबडी दिसत होती.

आतून तुकडा सुरू झाला. घर सुटलं. चढ लागला. खालचा मागं पडला, मग जवळ आला, मग खोटं घर आलं आणि गेलं. इतकं नीट तिनं याआधी कधी वाजवलं नव्हतं. वहिनीचा हात लाकडावर नव्हता, तरी तिची बोटं माझ्या हातात प्रत्येक वळणाला हलत होती.

वरचा सूर चढला आणि तुटला.

प्रांजल थांबली. घर यायला हवं होतं, ते आलं नाही. मी दारातून आत बघितलं. तिचा गज हवेत उभा होता आणि डोळे मिटलेले होते. सरही हलत नव्हते. ती का थांबली, ते मी तिला कधी विचारलं नाही.

उत्तर आलं. ते लांबून आलं नाही. खोंडाच्या जाळीपासून आलं, आणि त्याच्या शेवटी दम लागल्याचा आवाज होता.

वहिनीनं माझ्या हातातून हात काढून घेतला. ओढून नाही, हळूच, झोपलेल्या लेकराखालून काढतात तसा. ती उठली आणि खोंडाकडं चालत गेली. गुडघ्याची तक्रार नाही, काठी नाही.

मी मागोमाग गेलो. शेळ्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या आणि खाली एक करडू सापडलं होतं. त्याचं ओरडणं ऐकवत नव्हतं. दार उघडंच होतं. मी आत शिरलो, शेळ्या बाजूला रेटल्या, करडू उचलून छातीशी धरलं. ते जिवंत होतं. वळलो तर वहिनी दाराशी दोर बांधत होती.

साठ वर्षांनी ती गाठ मारत होती. बोटं विसरली नव्हती. वाघरीची दुहेरी गाठ, ओढून घट्ट. पण ती बाहेर उभी राहून बांधत होती.

“वहिनी,” मी म्हणालो, “आवं, मी आत हाय.”

तिनं माझ्या ओठांकडं बघितलं. तिला कळलं होतं. जाळीवरून हात घालून तिनं करडाच्या डोक्यावरनं हात फिरवला, मग माझ्या गालावरनं.

मी करडू खाली ठेवून गाठीला भिडलो. माझ्या बोटांना ती सुटेना. जाळी छातीएवढी, चढायचं वय माझं राहिलं नाही. प्रांजलला हाक मारली, पण माझी साधी हाक आता ओट्यापर्यंतही जात नाही. उंच हाळी मात्र अजून माझ्या पोटात आहे, ती घरात पोचली असती. ती मी दिली नाही. दिली असती, तर तिला उत्तर कुणी दिलं असतं, ते मला इतक्या जवळून ऐकायचं नव्हतं.

तेवढ्यात घरातून शेवटचा सूर आला. घराचा. लांब, खालचा, पुरा.

त्या सुरावर वहिनीनं पाऊल टाकलं. ती पाण्याच्या टाकीवरून वाटेला लागली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, चाल सावकाश, मेंढरांच्या पुढं चालणाऱ्या माणसाची असते तशी. तिच्या मागं, मागच्या माणसानं सोडावं तेवढं अंतर सोडून, वाटेवरची तांबडी माती जराशी उडत होती आणि बसत होती. परत उडत होती. वारा नव्हता. मला तिथं दुसरं काही दिसलं नाही. घोंगडीची कड दिसली असं एकदा वाटलं, पण माझे डोळे आता भरवशाचे नाहीत.

मी गाठ सोडवत राहिलो. वाट बाळासोच्या बागेपाशी वळते, तिथं ती क्षणभर उभी राहिली. तोंड वर करून, मागच्याचं उत्तर घ्यावं तसं, तिनं काहीतरी ऐकलं.

मग पुढं निघाली. पुढचा माणूस बघत नाही, तसं तिनंही मागं वळून बघितलं नाही.